'मालगाड्या हटवा' म्हणण्याआधी हा हिशेब बघा

गाड्या रखडल्या की एक संदेश हमखास फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: मालगाड्यांमुळे प्रवासी गाड्यांना उशीर होतो, त्यांचा फायदा कोळसा आणि सिमेंटवाल्यांना, महाराष्ट्राच्या वाट्याला नुसती धूळ आणि बंद फाटकं. तेव्हा माल ट्रकने जाऊ द्या आणि रेल्वे माणसांसाठी ठेवा. यामागचा वैताग मला कळतो, पण काढलेला निष्कर्ष आपल्याच मुळावर येणारा आहे. म्हणून एकेक दावा तपासू.

'मालगाडीमुळे आपली गाडी थांबते.' बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. गाड्यांच्या अग्रक्रमात मालगाडी सगळ्यात खाली असते. एक्स्प्रेस आली की लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी राहते ती मालगाडी, आणि तीही तासन्‌तास. वर्धा-बल्लारशाह पट्ट्यात साध्या पॅसेंजरने जाणाऱ्यांचे हाल होतात, हे मात्र खरं आहे. पण चंद्रपूरचा कोळसा, तिथलं सिमेंट आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या एक्स्प्रेस, हे सगळं वर्षानुवर्षं दोनच रुळमार्गांवर (एक जायचा, एक यायचा) धावत आलं. मुंबईच्या वाटेवर तर भोर घाटात आणि कसारा घाटात चढ 1:37 चा, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडी वर न्यायची तर मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, त्यात वेळ जातो. दुखणं मार्ग अपुरे असण्याचं आहे.

'मालगाडीचा सामान्य प्रवाशाला काय उपयोग?' रेल्वेच्या तिकिटावर छापलेलं वाचा: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी फक्त 57 टक्के वसूल होतात. उरलेली तूट बऱ्याच अंशी मालवाहतुकीच्या नफ्यातून भरली जाते, आणि सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने हे वारंवार नोंदवलं आहे. रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश वाटा मालाचा आहे. कर्जत-कसाऱ्याहून पासावर रोज मुंबई गाठणाऱ्यांना परवडणारा प्रवास हवा असेल, तर मालगाडी धावायलाच हवी. मालभाडं चढं ठेवून प्रवासी भाडं सांभाळायचं, या धोरणाने माल रस्त्यावर ढकलला गेला, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 1950-51 मध्ये देशातला 80 टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा, आज तो 30 टक्क्यांच्या आसपास आला आहे. म्हणजे संदेशात जे मागितलंय, ते गेली सत्तर वर्षं होतच आलंय.

'शेतकऱ्याला यातून काही मिळत नाही.' हा दावा वाचून मला सर्वांत वाईट वाटतं, कारण तो पुढे पाठवणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुलंही दिसतात. खरिपाच्या तोंडावर तालुक्यात युरिया येतो कुठून? मालधक्क्यावर लागलेल्या रेकमधून, म्हणजे वाघिणींच्या (मालडब्यांच्या) अख्ख्या गाडीतून. 42 वाघिणींचा एक रेक म्हणजे सुमारे 2,600 टन, 45 किलोच्या गोणीने मोजलं तर 57 हजारांवर गोण्या. ठरलेल्या तासांत रेक रिकामा झाला नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतं, म्हणून रात्री-अपरात्री दिव्यांच्या उजेडात हमाल गोण्या पाठीवर घेऊन वाघिणीतून उतरत असतात. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. धक्के बंद केले तर त्यांच्या चुली कशावर पेटणार, याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. (त्यांना धक्क्यावर सावली, पाणी, शौचालय मिळावं, असा एखादा संदेश फिरला तर मी तो आनंदाने पुढे पाठवीन.)

आता कांदा. ऑक्टोबर 2024 मध्ये नाशिकहून दिल्लीला 1,600 टन कांदा एका रेकने गेला. सरकारने तेव्हा दिलेला हिशेब असा: रेल्वेने खर्च 70.20 लाख रुपये, तोच माल रस्त्याने नेला असता तर 84 लाख. रस्त्याने म्हणजे पन्नासहून अधिक ट्रक धुळे ओलांडून सेंधव्याच्या घाटातून जाणार. बंद वाघिणीत कांदा कोंडला की सडतो, रेक वाटेत अडकला तर व्यापारी बुडतो, हे लासलगाव-पिंपळगावात कुणीही सांगेल. त्यावर उपाय हवेशीर वाघिणी आणि वेळ पाळणारी गाडी हा आहे. शेतमालासाठी सुरू केलेल्या किसान रेलने ते दाखवलंही होतं. 7 ऑगस्ट 2020 ला पहिली गाडी देवळालीहून दानापूरला निघाली आणि त्याच वर्षी 28 डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला. ती पार्सल डब्यांची गाडी, पण काम मालवाहतुकीचंच. भाड्यातली 50 टक्के सवलत थांबल्यावर या गाड्या थंडावल्या. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांसाठी भांडायचं तर मुद्दा हा आहे.

'अडीअडचणीला ट्रकच धावतो.' एप्रिल 2016 मधलं लातूर आठवा. पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. कोटा इथल्या कारखान्यात वाफेने धुतलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेत आल्या आणि पहिली गाडी 12 एप्रिलला लातुरात पोचली. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर. 10 हजार लिटरचा टँकर धरला तर अडीचशे टँकर लागले असते. आणि 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, कळंबोलीहून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ते प्राणवायू भरून आले: तीन नागपूरला उतरले, चार नाशिकला. घाटातल्या बोगद्यांत उंची अडत होती, म्हणून गाडी वसई-सुरत-भुसावळ अशी फिरवून नेली होती. तिथेही टँकर आणि मालगाडी दोघं मिळूनच काम झालं.

'धूर आणि धूळ मालगाडीचीच.' लोखंडी रुळावर लोखंडी चाक ओढायला टायरच्या मानाने फारच कमी ताकद लागते, त्यामुळे तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला ट्रकला कितीतरी जास्त इंधन जाळावं लागतं. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेते. तेवढे ट्रक मुंबई-गोवा महामार्गावरून कमी होतात आणि घाटातलं डिझेल वाचतं. विजेवरच्या इंजिनाची वीजही बरीचशी कोळशाचीच, हे कबूल.

धुळीबाबत मात्र संदेशाशी मी निम्मा सहमत आहे. चंद्रपूरजवळच्या कोळसापट्ट्यातल्या घुग्घुसच्या लोकांची तक्रार खोटी नाही. गोव्यात 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत लोक रस्त्यावर उतरले, ते मुरगाव बंदरातून येणारा कोळसा त्यांच्या दारावरून जातो म्हणून. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. पण तोच कोळसा उघड्या ट्रकने नेला तर धूळ वाढेलच. वाघिणी झाका, धक्क्यावर पाणी मारा, वस्तीजवळचे कोळसा-सिमेंटचे धक्के हलवा, जंगलातून नवी लाइन नको, या मागण्या रास्त आहेत आणि त्या नेटाने लावून धरायला हव्यात.

उशिराचा राग काढायला ठिकाणंही आहेत. जळगाव-मनमाड चौथा मार्ग आणि भुसावळ-खांडवा तिसरा-चौथा मार्ग यांना नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. दिल्लीजवळच्या दादरीपासून नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंतच्या 1,506 किलोमीटरच्या समर्पित (फक्त मालगाड्यांसाठीच्या) मालवाहतूक मार्गात सगळ्यात मागे पडला तो आपल्याच राज्यातला वैतरणा ते जेएनपीटी हा तुकडा. मालगाड्या स्वतःच्या रुळांवर गेल्या की जुने रूळ प्रवाशांना मोकळे होतात. खासदारांना पत्र लिहायचं असेल तर या कामांच्या तारखा विचारा.