थंडीनं थिजलाय, ताई

सकाळपासून जीव नुसता जळतोय. लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही, म्हणून लिहायला बसले. लांबेल, पण वाचा.

दूध आणायला खाली उतरले तर गेटपाशी घोळका. जावळीकडचा एक माणूस मध घेऊन आला होता. पन्नाशीचा असेल. खांद्याला कापडी पिशवी, तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दहा-बारा बाटल्या. आमच्याच बिल्डिंगमधल्या चौघांनी त्याला घेरलं होतं. एकीने पाण्याचा ग्लास आणून त्यात चमचाभर मध सोडला. एकाने काडी मधात बुडवून पेटवायला घेतली. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. बाटलीच्या तळाला दोन बोटं पांढरट, कणीदार थर बसला होता, आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते. "ही काय साखर, उघड दिसतेय!" तो बिचारा एकच वाक्य परत परत म्हणत होता, "साखर न्हाय ताई, थंडीनं थिजलाय." शेवटी वॉचमनने त्याला बाहेर काढलं. दहा मिनिटांत त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर. चेहऱ्यासकट. वर लिहिलंय 'भेसळखोरांपासून सावधान', खाली चाळीस अंगठे.

चाळीस! त्यातल्या एकाने तरी मधाचं पोळं जवळून पाहिलंय का?

आता मला एवढं का लागलं ते सांगते. हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मी आधी एकदा ऐकलंय. आणि तेव्हा घोळक्यात मीच होते.

माझे मोठे मामा मेढ्याच्या पुढे, डोंगरात राहतात. सातेरी, म्हणजे आपल्या देशी, पाळता येणाऱ्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे, कधी सहा, कधी आठ. लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हापासून दर मे महिनाअखेर मामा एसटीच्या ड्रायव्हरकडे एक बाटली द्यायचे आणि आम्ही ती स्वारगेटला जाऊन घ्यायचो. सरबताची जुनी काचेची बाटली, बुचावर मेण लावलेलं. एका वर्षी बाटली फडताळात मागे राहिली. जानेवारीत काढली तर निम्मी थिजलेली. चमच्याने खरवडून बोटांत चोळलं तर खरखरीत. मी सरळ फोन लावला आणि म्हटलं, "मामा, ह्यात साखर घातलीय का हो?" दोन मिनिटं नसतील, पण बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "थंडी पडली आसंल तिकडं. थिजलाय त्यो." मी 'बरं' म्हटलं आणि बाटली मोरीत ओतली.

ह्यानंतर मामांकडून मध आला नाही. विचारलं की म्हणायचे, "यंदा माश्या उठून गेल्या, पोरी." सातेरी माशी उठून जातेच, पेटी सोडून निघून जाते, त्यामुळे मला ते खरंच वाटत राहिलं.

मध थिजतो. मध आहे म्हणूनच थिजतो. त्यात दोन मुख्य साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि त्यातल्या ग्लुकोजला गारवा मिळाला की ती कणी धरते. न तापवलेल्या मधात परागाचे, मेणाचे बारीक कण असतात, त्यांच्याभोवती हे आणखी लवकर होतं. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो. बाटली उन्हात ठेवा, नाहीतर कोमट पाण्यात उभी करा, परत पातळ. एवढी साधी गोष्ट! साजूक तुपाला रवा धरला की आपण शेजारणीला बोलावून दाखवतो, 'बघा कसं रवाळ झालंय'. आणि मधाला रवा धरला की माणसाला गेटाबाहेर काढतो.

आणि ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्यांच्या फडताळात काय आहे? मॉलमधली पिळायची प्लास्टिकची बाटली. बाराही महिने तशीच पातळ, तशीच सोनेरी, पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत एकच चव. हा मध तापवून बारीक गाळलेला असतो, तो थिजू नये म्हणूनच. मान्य, तापवणं आणि गाळणं म्हणजे भेसळ नव्हे. पण मग त्याला 'रॉ', म्हणजे न तापवलेला, म्हणून तिप्पट पैसे का मोजता?

ते पाण्याचे आणि काडीचे प्रयोग तर आता कायमचे बंद करा, हात जोडून सांगते. घट्ट पाक पाण्यात सोडला तर तोही तळाशीच जाऊन बसतो. काडी पेटली नाही तर मधात जरा ओल जास्त आहे एवढंच कळतं, आणि आपल्या सातेरीच्या, तशीच रानात उघडं पोळं बांधणाऱ्या आग्या माशीच्या मधात ओल असतेच. कुत्रा मध खात नाही, माशी त्यात बुडत नाही, कागदाला डाग पडत नाही, ह्यातल्या एकाचाही उपयोग नाही. अहो, २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे मध तपासले, अगदी जर्मनीच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुने पाठवले, आणि सगळ्या चाचण्यांत फक्त ३ ब्रँड उतरले. कंपन्यांनी आरोप नाकारले ते सोडा. मुद्दा असा की आपल्या नेहमीच्या सरकारी चाचण्यांना हुलकावणी देतील असे पाक खास तयार होतात. प्रयोगशाळेला जे सापडत नाही ते तुमच्या स्टीलच्या ग्लासात सापडणार?

हो, रस्त्यावरचे सगळे संत नसतात, हेही मला माहीत आहे. बादलीत गुळाचा पाक आणि वर पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवून फसवणारे हायवेवर मीही पाहिलेत. आणि थिजला म्हणजे शंभर टक्के अस्सल, असंही नाही.

पण आजचा माणूस पोळ्याचा तुकडा दाखवत नव्हता. गेटाबाहेर चहाच्या टपरीशी मी त्याला गाठलं. पंधरा मिनिटं बोलले. कसला मध विचारलं, तर सांगितलं की ह्या चार बाटल्या हिरड्याच्या, त्या जांभळाच्या. कधी काढला, पोळ्याची घरं मेणाने किती बंद होती, पेटीचा की आग्याचा, सगळ्याची उत्तरं न अडखळता. आग्याचा का नाही ठेवत, तर म्हणाला, पिळून काढावा लागतो, पोळ्यातली पिल्लं चिरडतात, आणि ओल राहिली की फसफसतो. आमच्या पेटीची पोळी यंत्रात फिरवली की मध निघतो, पोळं परत माश्यांना.

मला विचाराल तर मध असाच पारखायचा. माणसाला विचारून. फूल कोणतं, महिना कोणता, पोळ्याची घरं माश्यांनी मेणाने बंद केली होती का, की पातळ असतानाच ओरबाडला. जांभळाचा मध गडद, मागाहून किंचित तुरट लागतो. ही चव पाकाला आणता येत नाही. झाकण उघडल्यावर फेस आणि आंबूस वास आला तर तो मध ओला आहे, घेऊ नका. दर वर्षी चव थोडी बदलली तर आनंद माना, कारण डोंगरही दर वर्षी सारखा फुलत नाही. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, त्या वर्षीचा मध मिळाला तर जपून खा. (आणि मध कितीही शुद्ध असो, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. आजी काहीही म्हणोत.)

ऑरगॅनिकचंही सांगते, कारण ग्रुपवर लगेच एकीने लिहिलं, 'आम्ही सर्टिफाइडच घेतो'. घ्या. जैविक भारतचं, म्हणजे सरकारमान्य सेंद्रिय मालाचं, चिन्ह असलं तर कोणीतरी कागदपत्रं तपासलीत एवढा भरवसा मिळतो, तो वाईट नाही. पण माशीला कुंपण कळत नाही. ती दीड-दोन किलोमीटर सहज जाते. त्या टापूत द्राक्षाची बाग असेल, फवारणी चालू असेल, तर पेटीवरच्या चिन्हाने काय होणार? आणि मामांच्या पेट्यांभोवती नजर जाईल तिथवर रान होतं. औषधाचा पंप त्या पट्ट्यात कोणी कधी नेला नाही. त्या मधाला कसलंच चिन्ह नव्हतं, मेण लावलेलं बूच होतं. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, पाठोपाठ भुदरगडातलं पाटगाव. आपल्या अंगणात एवढं आहे आणि आपण न्यूझीलंडचा 'मनुका' (तिथल्या एका झुडपाचा) मध हजारो रुपये मोजून मागवतो. चीड येते हो.

खरं सांगायचं तर मामांवर संशय यायला कारण होतं. लहानपणी सुट्टीत मी बघितलेलं की पावसाळ्यात मामा साखरेचा पाक करून पेटीत ठेवायचे. ते दृश्य डोक्यात बसलेलं. बाटलीत कणी दिसल्यावर मला वाटलं, तोच पाक. आज कळतं की तो पाक माश्यांच्या पोटासाठी होता. भर पावसात डोंगरात फूल नाही, माशीला बाहेर पडता येत नाही, पेटीत काही नसेल तर वसाहत उपाशी मरते. मध काढायचा तो फेब्रुवारीपासून पुढे, फुलं आल्यावर, तेव्हा मामा पाकाला हात लावत नसत. स्वतःच्या घरात साखर मोजून वापरणारा माणूस ती माश्यांना घालत होता. आणि मी काय समजले?

हे सगळं मला मामींनी सांगितलं, चार वर्षांपूर्वी, मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. मी सहज म्हटलं, मामांच्या माश्या एकदा उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत ना. मामी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "माश्या कुटं गेल्यात? मध दरसाल हुतो की. तुला नको म्हनून पाठवत न्हाईत." त्या फोननंतर ते पेटीपाशी जाऊन बसले होते म्हणे, संध्याकाळपर्यंत. जेवले नाहीत.

मी आत गेले. काय बोलणार. त्यांचे पाय चेपत बसले. तेही काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "गाडी कितीची हाय तुजी?"

म्हणून आज त्या माणसाच्या व्हिडिओखाली मी लिहिलं की हा काढून टाका, चुकीचं आहे. उत्तर आलं, 'ताई, तुम्ही फार भावनिक होता'. होते मी भावनिक. त्या माणसाला रोज दहा सोसायट्यांच्या गेटवर उभं राहायचंय, आणि त्याचा चेहरा आता किती ग्रुपवर फिरतोय कोणास ठाऊक. मघाशी परत बघितलं, व्हिडिओ अजून तसाच आहे. ज्यांनी टाकलाय ते माझ्या यादीत आहेत आणि हे वाचतायत. आज रात्रीत काढा. नाहीतर उद्या मी घरी येऊन बोलेन.

त्याच्याकडून मी तीन बाटल्या घेतल्या, ७०० रुपये किलोने. त्याने घासाघीस केली नाही, मीही नाही. त्याच्याकडे अजून सात-आठ आहेत आणि परवापर्यंत तो पुण्यात मेहुण्याकडे आहे. त्याला विचारून नंबर घेतलाय. कोणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. मध थिजलेला आहे, आधीच सांगते.