कॉमन्सवरील साताऱ्याच्या छायाचित्रांविषयी खुलासा

‘विकिमीडिया कॉमन्सवरून अजिंक्यतारा, प्रतापगड व कासची छायाचित्रे पगारी माणसे हेतुपुरस्सर हटवत आहेत, नवनवी खाती उघडून ती पुन्हा चढवा,’ असा संदेश साताऱ्यातील गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. विकिमीडिया कॉमन्स हे कोणालाही मुक्तपणे वापरता येतील अशा छायाचित्रांचे व इतर फाइलींचे ऑनलाइन भांडार आहे.

तेथील नासधुशीवर लक्ष ठेवणारे गस्तकर्ते विनावेतन स्वयंसेवक असतात. ते आक्षेप नोंदवतात, मात्र फाइल हटवण्याचा अधिकार तेथील सदस्यांच्या समुदायाने निवडलेल्या प्रचालकांकडेच (ॲडमिन) असतो. छायाचित्र कोणत्या गडाचे आहे याला येथे महत्त्व नाही. ते कोणी टिपले आणि कोणत्या मुक्त परवान्याखाली (इतरांना वापरण्याची व बदलण्याची परवानगी) दिले, हे पाहिले जाते. फेसबुकवरून उचललेले दुसऱ्याचे छायाचित्र उघड प्रताधिकारभंग म्हणून तत्काळ हटते, तर शंकास्पद फाइलीवरील चर्चा साधारणपणे किमान ७ दिवस खुली राहते. हटवणाऱ्याचे सदस्यनाव, दिनांक आणि बहुधा कारणही सार्वजनिक नोंदीत कोणालाही तपासता येते, आणि निर्णय चुकला असल्यास फाइल परत आणण्याची विनंती करता येते.

नव्या खात्यांचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्यामुळे खाती प्रतिबंधित होतात आणि आपल्याच भागातील प्रामाणिक छायाचित्रकारांकडे संशयाने पाहिले जाते. कृपया हा संदेश पुढे पाठवू नये, आणि ज्या गटात तो पाठवला असेल तेथे हा खुलासा द्यावा.