तोडायला परवानगी, मारायला मोकळीक

स्वतःच्या जागेतलं झाड तोडायचं तर परवानगी घ्या. मान्य, घ्यायलाच हवी. पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सगळं लक्ष नुसतं कुऱ्हाडीवरच असतं! बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं, पाया खणताना निम्मी मुळं उचकटली, तर कोण विचारतंय? अहो, झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांब पसरतात. ती तुटली म्हणून झाड बहुतेकदा लगेच कोसळत नाही, काही वर्षं हळूहळू वाळत राहतं. मग तेच मालक 'धोकादायक झाड' म्हणून अर्ज करतात. आणि परवानगी मिळतेसुद्धा!

छाटणीची तर वेगळीच तऱ्हा. शेंडा उडवायचा, नुसता खांब उभा ठेवायचा, वर निगा राखल्याचा आव आणायचा. इकडे ज्याच्या छपरावर खरंच वाळकी फांदी लोंबतेय, तो सरळमार्गी माणूस अर्ज हातात घेऊन चकरा मारतोय.

आणि म्हणे तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोपं लावा. एवढ्या जुन्या सावलीच्या बदल्यात वीतभर काड्या! त्या जगल्या का, हे बघायला पुढच्या उन्हाळ्यात येतंय कोण?