बरणीवरची लक्ष्मी आणि मँचेस्टरची तिकिटे

पुण्यातल्या एका नव्या लोणचेवाल्याने बरणीवर रविवर्मा थाटाची लक्ष्मी, सोनेरी महिरप आणि मोडी वळणाची अक्षरे छापली, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडले आहेत. कालपरवा निघालेल्या धंद्याने शंभर वर्षांचा आव आणणे ही फसवणूक आहे, असे एकांचे म्हणणे. ही आपली अस्सल देशी कला आहे, मग कोणाच्या पोटात का दुखावे, असे दुसऱ्यांचे. मला चीड येते ती या दुसऱ्यांच्या ठामपणाची.

मी राहतो त्या मँचेस्टरमधून हिंदुस्थानात जाणाऱ्या कापडावर रंगीत तिकिटे चिकटवलेली असत, कारण वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला चित्रावरून माल ओळखता यावा. रॅली ब्रदर्ससारख्या व्यापाऱ्यांच्या अशा तिकिटांवर कृष्ण, लक्ष्मी, हत्ती सगळे असत, आणि देवाच्या पायाशी इंग्रजीत कंपनीचे नाव. खुद्द रविवर्मांचा, १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला छापखानाही जर्मन यंत्रांवर आणि जर्मन कारागिरांच्या हातांनी चालला. लक्ष्मी आपली खरी, पण तिचा हा बाजारी अवतार पहिल्यापासून सरमिसळीचाच आहे.

इथले लोक याबाबतीत सोवळे आहेत असे नाही. लाइल्स गोल्डन सिरप या साखरेच्या पाकाच्या डब्यावर १८८५ पासून जवळपास तोच मेलेला सिंह आणि त्याभोवतीच्या मधमाश्या आहेत. २०२४ मध्ये कंपनीने इतर पॅकवरचे चित्र बदलले तेवढ्यानेही केवढा गहजब झाला, वास्तविक डबा होता तसाच ठेवला होता. इथल्याच दुकानांत नव्याने निघालेली जिन व्हिक्टोरियन लेबल लावून विकली जाते आणि कोणी हूं की चूं करत नाही. मात्र सोंग आणायचे तर ते नीट आणावे, हे इथल्यांना कळते. अक्षरे त्या त्या काळातली शोधून घेतात. आपल्याकडे १८६९ साली जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा इतका देखणा टाइप असताना त्या बरणीवरची अक्षरे ना धड मोडी, ना धड बाळबोध.

"तिथे बसून तुला काय फरक पडतो?" असे गटावर एकाने विचारले. फरक पडतो, कारण तीच बरणी मँचेस्टरच्या रशोम भागातल्या दुकानातही आली आहे. पुण्यात ज्यांच्या घरी अजून लोणचे घातले जाते, त्यांच्या चिनी मातीच्या बरणीला लेबल लागत नाही. ही लक्ष्मी माझ्यासारख्यांसाठीच काढलेली आहे, आणि शेजारच्या साध्या बाटलीच्या दुप्पट भाव मी मुकाट्याने मोजतो.