आट्यांना ग्रीस नाही, तेल

दुपारपासून डोकं फिरलंय. बायको दोनदा विचारून गेली काय झालं म्हणून, तिलाही धड सांगता आलं नाही. लिहूनच टाकतो.

आज सकाळी गंगापूर रोडला एका मित्राच्या बंगल्यावर गेलो होतो. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. त्याने इंग्लंडहून गाडी आणलीय. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, १९६९ची. लाल रंग, दोनच सीटा, छत मागे टाकता येतं. गेल्या आठवड्यात तिला नंबर मिळाला, म्हणून पन्नासेक माणसांना मिसळ-जिलेबीला बोलावलं होतं. चाचाही आले होते. मीच आणलं होतं त्यांना.

चाचा म्हणजे सारडा सर्कलच्या मागे ज्यांचं जुनं गॅरेज आहे ते. वय चौऱ्याहत्तर. गाडीचं बॉनेट उघडं होतं, सगळे फोटो काढत होते. चाचा वाकून पुढच्या चाकाच्या आत बघायला लागले, एक हात मडगार्डवर टेकवला. तेवढ्यात कोणीतरी विशीतला पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "ओ चाचा, हात नका लावू, ओरिजिनल पेंट आहे."

चाचांनी हात काढून घेतला. खिशात घातला. काही बोलले नाहीत.

त्यानंतर मित्राने भाषण केलं. इंग्लंडमध्ये ज्याने गाडी रिस्टोअर केली त्याचे आभार, जहाजाचं बघणाऱ्याचे आभार, क्लिअरिंग एजंटचे आभार, पेढे, टाळ्या. चाचांचं नाव नाही. आणि वर शेवटी, "असं काम आपल्याकडे होतच नाही हो, तिकडे जाऊनच आणावं लागतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता मूळ गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल मी का चिडलोय.

माझे वडील ओझरला एचएएलमध्ये होते. १९७४ साली त्यांनी जुनी स्टँडर्ड हेराल्ड घेतली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ज्यांनी पाहिलीय त्यांना आठवेल, दोन दारांची, आणि बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही, मडगार्ड-दिव्यांसकट अख्खं नाक पुढे उलटायचं. इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं, सगळं समोर उघडं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा, म्हणजे वडील, मला पुढच्या टायरवर बसवायचे आणि हातात तेलाची गन द्यायचे. चाकाच्या आत खाली एक पितळी तुकडा असतो, ट्रनियन म्हणतात त्याला. चाक वळतं ते त्याच्या आट्यांवर. तिथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोडायचं. एकदा मी शहाणपणा करून ग्रीसची गन उचलली, तर हातावर चापट बसली. "आट्यांना ग्रीस नाही रे, तेल. ग्रीस आत पोचत नाही, आटे कोरडे पडतात, आणि मग एक दिवस चाक गळून पडतं." विमानाच्या कारखान्यातला माणूस. त्यांच्या लेखी हलणाऱ्या वस्तूला तेल न देणं म्हणजे पापच.

आता ऐका. ती हेराल्ड आणि ही स्पिटफायर बहिणी आहेत. हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली, आपल्याकडे १९६१पासून मद्रासला बनायला लागली. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर काढली. दोन्हींचं रेखाटन एकाच माणसाचं, तुरिनचा जिओव्हानी मिकेलोत्ती. तेच उलटणारं नाक, तीच पुढच्या चाकांची रचना, मागे तोच आडवा पाटा. तेच पितळी ट्रनियन. म्हणजे जी "परदेशी स्पोर्ट्स कार" बघायला आज पन्नास माणसं जमली, तिचा पुढचा अर्धा भाग नाशिकच्या मिस्त्र्यांनी पन्नास वर्षांपूर्वी हजार वेळा खोलून जोडलाय. तिकडे जाऊन काय आणलंत?

बरं, आणायचा खटाटोपही मी जवळून पाहिलाय, कागदपत्रांत मी त्याच्या बरोबर होतो. साधी जुनी गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. व्हिंटेज म्हणून आणायची तर आधी ती १९५०च्या आधीचीच लागायची, म्हणजे स्पिटफायर कधी येऊच शकली नसती. २०२५च्या सुरुवातीला नियम बदलला, पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी स्वतःच्या वापरासाठी आणता येते. ही बातमी आली त्या रात्री साडेअकराला त्याचा मला फोन. आवाज लहान मुलासारखा झाला होता. तो आनंद खरा होता, ते मी आजही म्हणेन.

गाडी इंग्लंडात साधारण सोळा लाखांना मिळाली. कंटेनर आणि विमा पकडून एकोणीस. आणि मग कर. गाडीची किंमत, जहाजाचं भाडं, विमा या सगळ्याच्या बेरजेवर ड्युटी, त्यावर पुढचे कर, मिळून दोनशे टक्क्यांच्या वर जातं. न्हावा शेव्याहून ट्रकवर चढून कसारा घाट चढून दारात उभी राहीपर्यंत साठ लाख ओलांडले होते. बंदरावर कंटेनर नऊ दिवस थांबला, कारण गाडीच्या वयाचा कागद आम्ही अर्धवट दिला होता. चूक आमचीच. मग इंग्लंडात गेडनला मोटारींचं संग्रहालय आहे, त्यांच्याकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत, तिथून दाखला मागवला. गाडीवरच्या पट्टीवर एफडीने सुरू होणारा नंबर आहे, तो त्या दाखल्याशी जुळला आणि काम झालं. कोणी हे करणार असेल तर हा दाखला पैसे देण्याआधी मागवा, एवढं लक्षात ठेवा. नंतर इथे व्हिंटेज गाड्यांना देतात तो व्हीएचा नंबर, त्याची फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

पैसा त्याचा आहे, त्याने कष्टाने कमावलाय, कसा उडवायचा तो त्याचा प्रश्न. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दोन फ्लॅट आले असते वगैरे जे लोक बोलतात ना, त्यांच्यातला मी नाही.

मला बोलायचंय ते त्या "रिस्टोअर" शब्दाबद्दल.

गाडीबरोबर दोनशे फोटोंची फाइल आली होती. पत्रा उघडा केलेला, चासी रंगवलेली, इंजिन टेबलावर, प्रत्येक बिल लावलेलं. बघून मीही थक्क झालो होतो. विकणाऱ्याने लिहिलं होतं, नट-बोल्टपर्यंत सगळं काम झालंय. गाडी आली त्या संध्याकाळी मी मित्राला म्हटलं, चालवायच्या आधी एकदा चाचांना दाखवू. तो म्हणाला कशाला, सगळं झालेलं आहे. मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला संशय वगैरे काही नव्हता. चाचांनी ती बघावी एवढंच वाटत होतं. त्यांनी सतराव्या-अठराव्या वर्षी हेराल्डवरच हात साफ केलाय.

चाचा आले, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. इंजिनाकडे बघितलंही नाही. रंगाकडेही नाही. जॅक लावला, चाक काढलं, सरळ खाली त्या पितळी तुकड्याशी गेले. तिथे तेलाच्या बुचाच्या जागी ग्रीसचं निप्पल होतं. उघडलं तर पिवळं, घट्ट झालेलं ग्रीस. वर नुसता थर, आत कोरडं. मग त्यांनी सगळं सोडवलं. मला म्हणाले, "बाजूला उभे राहा, डावीकडचे आटे उलटे असतात, पोरं इथंच चुकतात." आणि ट्रनियनच्या आट्यांत बसणारा लोखंडी दांडा बाहेर काढून माझ्या हातात दिला. आटे गंजाने खाल्लेले. नखाने उकरलं तर पूड पडत होती.

घाटात ऐंशीच्या वेगात तो तुटला असता तर? चाक आडवं होऊन मडगार्डखाली घुसतं. मित्राची मुलगी शेजारच्या सीटवर बसणार होती पहिल्या फेरीला.

दोनशे फोटोंत या एका जागेचा फोटो नव्हता. मी त्या रात्री घरी येऊन एकेक बघितलाय.

दोन्ही बाजूंचे सुटे भाग इंग्लंडहून मागवले, तीन आठवड्यांत आले. हे मात्र कबूल करावं लागेल की पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा प्रत्येक स्क्रू तिकडे आजही नवा मिळतो, आणि आपल्याकडे दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचा आरसा मिळत नाही. आणि हेही खरं की चाचा बिल देत नाहीत, फोटो काढत नाहीत, आणि परवा म्हणाले की तेरवा समजायचं. ठीक आहे. पण चाचांनी सहा दिवस काम केलं. दांडे बदलले, बुश बदलले, सातपूरला एका लेथवाल्याकडे स्वतः उभं राहून दोन स्पेसर करून घेतले. पैसे किती घेतले ते सांगितलं तर तुम्हाला लाज वाटेल. आणि शेवटच्या दिवशी तेलाची गन मित्राच्या हातात देऊन म्हणाले, "साहेब, महिन्यातून एकदा. ग्रीस नाही, तेल."

मी तिथेच उभा होतो. पन्नास वर्षांनी तेच वाक्य. मला घशात काहीतरी आलं, मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

म्हणून आज ते वाक्य लागलं. असं काम आपल्याकडे होत नाही! ज्या माणसामुळे तू आज मिसळ वाढतोयस तो मागे खिशात हात घालून उभा आहे, आणि तू त्याच्याच देखत म्हणतोस आपल्याकडे होत नाही? रंग होत नसेल तसा. मान्य. पण तो रंगही गेल्या चार वर्षांतला आहे, ओरिजिनल कसला? त्या पोराला कोणी सांगितलंच नसेल, त्याचा दोष नाही फार. दोष आमचा. आम्हाला लहानपणी हेच शिकवलं ना, की काम करायला आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं, मग स्वतः बसायचं? चाचा न खाता रिक्षाने गेले. मला कळलं तेव्हा माझी प्लेट अर्धी झाली होती.

हो, मी खात होतो. मीही तिथे काही बोललो नाही. त्या पोराला अडवलं नाही, मित्राला कोपऱ्यात घेऊन सांगितलं नाही. पन्नास माणसांसमोर कशाला, असं वाटलं.

आणि आता इतकं लिहिलंय तर उरलेलंही लिहितो. ती हेराल्ड १९९०मध्ये गेली. मी चोवीस वर्षांचा, सातपूरला नुकताच नोकरीला लागलो होतो. मीच मागे लागलो होतो दादांच्या. हा डबा काढा, कॉलनीत हसतात, मारुतीसाठी पैसे भरू. गाडी चालू होती. चाकं, ट्रनियन, सगळं ठणठणीत होतं, सोळा वर्षं एकही महिना तेल चुकलं नव्हतं. घ्यायला कोणी तयार नव्हतं म्हणून भंगारवाल्याला दिली. वजनावर. त्याने दोरी बांधली तेव्हा दादा बाहेर आले नाहीत. आत पेपर वाचत बसले होते. गाडी गेल्यावर उठून शेडमध्ये गेले आणि तेलाची गन पुसून खिळ्याला अडकवून ठेवली. ती त्यांच्या जाण्यापर्यंत तिथेच होती. नंतर घर पाडलं त्यात कुठे गेली माहीत नाही.

म्हणजे आपल्याकडे होत नाही, असं आधी मीच म्हटलं होतं. चोवीसाव्या वर्षी. हे टाइप करता करता लक्षात येतंय.

मित्रावरचा राग थोडा उतरलाय. तो वाईट माणूस नाही. त्याच्या वडिलांकडे सायकलसुद्धा नव्हती, लहानपणी कुठल्यातरी जुन्या मासिकात त्याने या गाडीचा फोटो पाहिला होता, तो कापून वहीत ठेवला होता, ती वही मी बघितलीय. त्याचं प्रेम खरं आहे. पण रे बाबा, तू हे वाचशीलच, तर उद्या सकाळी सारडा सर्कलला जा. गाडी घेऊन जा. दुरुस्तीला न्यायला परवानगी आहे, नियमातच आहे. गॅरेजसमोर लाव, बॉनेट उघड आणि चाचांना हात लावू दे. बोळातली पोरं जमतील, त्यांनाही लावू दे. रंगाला ओरखडा गेला तर पैसे मी देतो.

आणि बाकीच्यांना एक विनंती. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, सिन्नर, कुठेही कोणाच्या वाड्यात, मळ्यात, शेडमध्ये हेराल्ड उभी असेल, कशाही अवस्थेत, कोंबड्या बसत असल्या तरी चालेल, मला कळवा. पत्रा गेला असेल तरी चासी असते. भंगारात देऊ नका, थांबा. मी स्वतः येईन, आणि चाचांना बरोबर घेऊन येईन. संध्याकाळी फोन केला होता त्यांना. आधी काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "मिळेल का हो खरंच एखादी?"