रॅम्प झाला, फोटोही झाला

आज फिरत फिरत एक फोटो समोर आला. तीन पायऱ्यांशेजारी नवाकोरा रॅम्प, त्यावर लाल फीत आणि हार घातलेले पाहुणे. व्हीलचेअर? एकही नाही.

तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंची. एकास बाराचा उतार (एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी) धरला तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. फोटोतला दोन मीटरही नसेल. घसरगुंडीच की ही! त्यात चकचकीत फरशी, म्हणजे ओली झाली की ब्रेक लावूनही खुर्ची खाली. वर सपाट जागा नाही आणि दार बाहेर उघडतं. एका हाताने दार ओढायचं तर दुसऱ्या हातात एकच चाक उरतं, खुर्ची तिरकी होऊन मागे येते. तिथे दीड बाय दीड मीटर सपाट जागा लागते हो!

जागा कमी होती म्हणाल. असेल, मान्य. मग मध्ये सपाट टप्पा देऊन वळवायचा. खुर्ची वापरणाऱ्या एकाला विचारलं असतं तर त्याने खडूने आखून दिलं असतं.

खरं तर राग रॅम्पचा नाहीच. रॅम्पपर्यंत पोचायच्या आधी माणसाला पलंगावरून खुर्चीत यावं लागतं, ते कोण बघतं? मदतीला धावणारे थेट काखेत हात घालून उचलतात. अर्धांगवायूने सैल पडलेला खांदा त्याने निखळू शकतो. खुर्ची पलंगाला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक, पावलांच्या पट्ट्या वर. आणि 'एक, दोन, तीन' त्याला म्हणू दे, तुम्ही नाही. एका दुपारात शिकता येतं हे.

चार-पाच शेजाऱ्यांनी मदतीचे वार वाटून घेतले की बरंच निभतं. अडतं ते रविवारचा माणूस आजारी पडला की. निरोप कुणाला द्यायचा ते ठरलेलं नसतं, आणि इकडे माणूस दुपारपर्यंत एकाच कुशीवर. कातडी आधी लाल होते, मग जखम, आणि ती भरायला कधी कधी महिने. म्हणून प्रत्येक वाराला दोन नावं हवीत. किती वाजता उठायचं, तेही खुर्ची वापरणाऱ्यानेच सांगायचं. घरचे करतातच, हो. पण घरचेही थकतात, आणि आईला सुट्टी कुठे असते?

कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचं 19 वं कलम सांगतं. 1972 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत, स्वतः व्हीलचेअर वापरणारे एड रॉबर्ट्स आणि मंडळींनी अपंगांना स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून केंद्र उभं केलं, तेही अपंगांनीच चालवलेलं.

असो. तो रॅम्प वाढेल तेव्हा वाढेल. तोवर फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवा, दोन्ही बाजूंना कठडा बसवा आणि खाली पाटी लावा: एकट्याने चढू नये.