कुंदा हरला, हे बेळगावात सांगायचं कसं?

आमच्या बेळगावात बैठकीचे नियम पक्के आहेत. बाटलीत कडू, ताटलीत तिखट, आणि गोड असलंच तर ते आतल्या खोलीत. माझा मेव्हणा लिस्बनला असतो. या सुट्टीत त्याने टॉनी पोर्ट नावाच्या गोड वाईनची बाटली आणली आणि जाहीर केलं, "दाजी, ही जेवण झाल्यावर घ्यायची. गोडाबरोबर."

जेवण झाल्यावर! म्हणजे मटणाचा रस्सा संपल्यावर. थोरले काका उठायलाच लागले. "पोर्टचं काय कौतिक? चोर्ला उतरलं की गोव्यात ढिगानं मिळतंय की गा."

मेव्हणा म्हणाला, ती निराळी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दुरो खोऱ्यातली, आणि त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच आखून दिलेली आहे. हद्द म्हणताच काका परत टेकले. "आणि सगळ्यांनी मान्य बी केली? आमचं अजून कोर्टात हाय."

द्राक्षांचा रस आंबत असताना, साखर शिल्लक आहे तोवरच, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट तिथंच मरतं, साखर वाचते आणि बाटलीत २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल उरतं. "म्हणून सरबतासारखी प्यायची नाही," असं मेव्हणा मला बजावत होता, तोवर काकांचा स्टीलचा पेला रिकामा झाला होता आणि ते सोडा मागत होते.

मग खरी परीक्षा. फरसाणाला पहिल्याच घासाला बाद केलं. तिखटावर ही वाईन म्हणजे घशात नुसती आग. रूबी या दुसऱ्या प्रकारची पोर्ट असती तर डार्क चॉकलेट चाललं असतं. इंग्रज पोर्टबरोबर स्टिल्टन नावाचं निळ्या शिरांचं खारट चीज खातात. आमच्या फ्रीजमध्ये निळं काही निघालं ते लिंबू होतं. चंदगडचे खारे काजू मात्र झकास जमले.

आता कुंदा. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरते, तिला सुक्या मेव्याची आणि कॅरॅमलची चव येते. कुंदाही दूध आटवून खरपूस केलेला. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळत होती. पण या वाईनचा एक दंडक आहे: पदार्थ तिच्याहून गोड नको. कुंद्याचा घास घेऊन घोट घेतला, तर पोर्ट आंबट आणि पाणचट! सासूबाईंनी निकाल दिला, "वाईन बिघडली असंल. कुंदा ताजा हाय."

कुणीतरी गोकाकचा करदंट पुढे केला. डिंक, बदाम, अंजीर, खोबरं, बेताचा गूळ. एक तुकडा, एक घोट. कुणीच बोलेना. बेळगावच्या घरात बसून गोकाकला पहिला नंबर कोण देणार? मी सासूबाईंकडे पाहून कुंद्याचा आणखी एक चमचा घेतला.

टॉनी उघडल्यावरही फ्रीजमध्ये काही आठवडे टिकते म्हणे. ते पाहायचा योग आला नाही, कारण काकांना पचनाची तक्रार सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ते अंगणात फोनवर हळू आवाजात बोलत होते, "किलोभर करदंट पाठव. खरं गल्लीत कुणाला सांगू नको."